लग्न केलंत? मग राजीनामा द्या!

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसात एक शब्द सारखा कानावर पडतो, 'कमिटमेंट'. मुलगी असेल तर हा शब्द लग्नाला चिकटूनच येतो. "हुशार आहे हो, पण लग्नानंतर टिकेल का?" मला दोन इंटरव्ह्यूंमध्ये हे विचारलं गेलंय. माझ्याच बॅचच्या मुलांना? एकदाही नाही. उलट मुलाचं लग्न झालं की तो 'सेटल' झाला, म्हणजे आता टिकणार!

आज बघूया, हा प्रश्न एकेकाळी चक्क नियम म्हणून कागदावर कसा होता ते.

पहिली गोष्ट मुंबईची. एका औषध कंपनीत पॅकिंग, लेबलं लावणं ही कामं बायका करायच्या. नियम असा, की लग्न केलं की नोकरी संपली. कामगार संघटना भांडली आणि १९६५ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. कंपनीचं म्हणणं होतं, हे टीमचं काम आहे आणि लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात. न्यायालय म्हणालं, असं दाखवणारं काहीच समोर नाही. मुलांमुळे म्हणाल, तर मुलं विधवांनाही असतात. फरक एकच, बाळंतपणाची रजा. त्यासाठी थोड्या जादा बायका कामावर ठेवा. नियम गेला.

आता दिल्लीत या. कोडगूच्या सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत रुजू झाल्या, या सेवेतल्या पहिल्या महिला. रुजू होताना त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं, लग्न केलं तर राजीनामा देईन. पुढे १९५० मध्ये राज्यघटना आली. सरकारी नोकरीत स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, असं तिच्या कलम १६ मध्ये स्पष्ट लिहिलंय. तरीही १९६१ च्या सेवा नियमांत काय आलं? महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. आणि लग्नानंतर घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असं सरकारला वाटलं, तर तिला राजीनामा द्यायला लावता येईल. म्हणजे आड आल्या पाहिजेत असंही नाही, येतील असं वाटलं तरी पुरे!

मुथम्मा १९७० मध्ये हंगेरीत राजदूत झाल्या. पण वरच्या श्रेणीची बढती नाकारली गेली, तेव्हा त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने बढती दिली आणि लग्नाचा तो नियमही काढून टाकला. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तरीही सरकारचे कान उपटले. त्यांचा मुद्दा साधा होता: घरच्या जबाबदाऱ्या बाईच्या कामाच्या आड येऊ शकतात, तर पुरुषाच्याही येऊ शकतात.

तारखा जुळवून बघा. मुंबईच्या कंपनीला १९६५ मध्ये जे सांगितलं गेलं, ते खुद्द सरकारच्या एका खात्याला उमजायला आणखी १४ वर्षं लागली.

मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे मला हे असं दिसतं: एक अट लिहिली, पण ती फक्त बायकांवरच तपासली. मग बायका नोकरी सोडताना दिसल्या की म्हणायचं, बघा, कमिटमेंट कमी! अहो, बाहेरचा दरवाजा तुम्हीच दाखवलात ना? आणि ज्या राहिल्या, त्यांनी काय मोजलं? मुथम्मांनी लग्न केलं नाही. ते नियमामुळे की स्वतःच्या मर्जीने, हे परक्याने ठरवू नये. पण तेहतीस वर्षांची नोकरी करून त्या १९८२ मध्ये निवृत्त झाल्या. कमिटमेंट आणखी कशाला म्हणतात?

आज तो नियम कागदावर नाही, प्रश्नात आहे. तेव्हा पुढच्या वेळी पॅनलवर बसाल आणि "लग्नाचा काय विचार?" असं तोंडावर येईल, तेव्हा आधीच्या मुलालाही तेच विचारलं होतं का, एवढं आठवा. नसेल विचारलं, तर तिलाही विचारू नका.

भेटूया पुढच्या भागात. आणि हो, हा भाग तुमच्या मॅनेजरला नक्की पाठवा!