तारेवरचा शेजार

संगणकांचे जाळे म्हटले म्हणजे आजकाल सर्वांना इंटरनेटच आठवते. परंतु साऱ्या जगाला वेढणाऱ्या त्या मोठ्या जाळ्याखेरीज एका खोलीपुरते, एका कचेरीपुरते असे लहान जाळेही असते, आणि त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मी सातवीपर्यंतच शिकलेली. पण यजमानांच्या छपाईच्या दुकानात पुष्कळ वर्षे बसले आणि जिज्ञासेने वाचीत गेले, त्यातून जे कळले ते भगिनींपुढे ठेवीत आहे.

आरंभ झाला तो भर समुद्रात. हवाई बेटांवरच्या विद्यापीठाचा संगणक एका बेटावर, आणि त्याचा उपयोग करू इच्छिणारी माणसे निरनिराळ्या बेटांवर. तेव्हा नॉर्मन अब्राम्सन ह्या प्राध्यापकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओच्या लहरींवरून संदेश धाडण्याची योजना सुरू केली. लहर एकच आणि बोलणारे अनेक, म्हणजे दोघे एकदम बोलले की दोघांचेही बोलणे फुकट जायचे. ह्यावर त्यांनी काढलेला तोड अगदी घरगुती आहे. पोचपावती आली नाही, तर प्रत्येकाने आपापल्या मनाने थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा बोलावे. दोघींचा थांबण्याचा वेळ सारखा नसल्यामुळे दुसऱ्या खेपेस सहसा टक्कर होत नाही. आपल्या मासिक सभेत दोघी एकदम बोलू लागल्या म्हणजे काय होते ते आठवावे. अध्यक्षबाईंनी घंटा वाजवण्याची गरज पडत नाही, आपण आपल्या सावरून घेतो.

ही कल्पना कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत काम करणाऱ्या रॉबर्ट मेटकाफ ह्यांनी उचलली. तेथे अल्टो नावाचे, एकेका माणसाने वापरायचे संगणक तयार होत होते, आणि त्याच सुमारास सेकंदाला एक पान छापणारे लेसर छपाईयंत्रही आकार घेत होते. असे महागडे यंत्र प्रत्येकाच्या मेजावर कोण ठेवणार? सर्वांनी मिळून एकच वापरावयाचे, तर सर्वांना जोडणारी तार हवी. म्हणजे पाहा, ह्या जाळ्याचा जन्म गप्पागोष्टींसाठी नव्हे, तर एक महाग वस्तू चारचौघांत वापरण्याच्या गरजेतून झाला. वाड्यात पूर्वी एकच पाटावरवंटा चार बिऱ्हाडे वापरीत, तशातलाच हा प्रकार.

२२ मे १९७३ रोजी मेटकाफ ह्यांनी एक टिपण लिहून ह्या योजनेला ‘ईथरनेट’ हे नाव दिले. ती प्रत्यक्षात उतरविली ती डेव्हिड बॉग्ज ह्या तरुणाच्या साहाय्याने. बॉग्ज ह्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, पण यंत्र बांधून चालते करणारे हात त्यांचेच. येथे रेडिओऐवजी तार होती, आणि नियमात सुधारणा अशी की बोलण्यापूर्वी आधी कान द्यावा, तार मोकळी असेल तरच बोलावे, आणि बोलतानाही ऐकत राहावे. पुढे १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स ह्या तीन कंपन्यांनी मिळून ह्याचे नियम छापून प्रसिद्ध केले, त्यामुळे कोणत्याही कंपनीचे यंत्र कोणाच्याही तारेला जोडता येऊ लागले.

येथे एका बाईची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. लहान जाळी एकमेकांना जोडू लागल्यावर नवीच आपत्ती उभी राहिली. एखादी वाट तुटली तर दुसरी असावी म्हणून दोन वाटा ठेवाव्यात, तर संदेश त्या वर्तुळात अखंड फिरत राहत आणि जाळे ठप्प होई. डिजिटल कंपनीतील राडिया पर्लमन ह्यांनी ह्यावर उपाय शोधला व १९८५ साली तो प्रसिद्ध केला. जोडणाऱ्या यंत्रांनी आपसांत ठरवून जास्तीच्या वाटा तात्पुरत्या मिटून घ्यावयाच्या, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारखी एकेकच वाट उरते. एखादी तुटली तर मिटलेली पुन्हा उघडावयाची. आपल्या निबंधाच्या आरंभी त्यांनी ही युक्ती एका छोट्या कवितेत सांगितली आहे. जात्यावर ओव्या रचणाऱ्या आपल्या आज्यांना ह्याचे नवल वाटले नसते!

लहान कचेऱ्यांत ईथरनेट आले ते बारीक केबलीच्या रूपाने. एकच तार ह्या यंत्रापासून त्या यंत्रापर्यंत, प्रत्येकाच्या पाठीमागे टी अक्षराच्या आकाराचा सांधा, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमची एकेक टोपी. तार जास्तीत जास्त १८५ मीटर, यंत्रे जास्तीत जास्त ३०. टोपी कशाला, तर टोकाला पोचलेला संदेश प्रतिध्वनीसारखा परत फिरू नये म्हणून. आमच्या दुकानात विंडोज ९८ ची तीन जुनी यंत्रे एका बंद झालेल्या कचेरीतून आणलेल्या अशाच तारेवर जोडलेली होती. ऐन लग्नसराईत पांढरा रंग देण्यासाठी मेज सरकवले आणि टोपी निघाली. तार धड, यंत्रे धड, तरी तिन्ही एकमेकांना मुकी. पत्रिकांचे गठ्ठे तसेच पडून! शेवटी मेजाखाली टोपी सापडली, तेव्हा कोठे छपाई सुरू झाली. हब नावाच्या पेटीतून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तार देण्याची पद्धत १९९० साली प्रमाण ठरली, तीत एकाचे बिघडले तरी दुसऱ्याचे अडत नाही. आम्हीही पुढे तीच घेतली.

तार झाली, आता बोलण्याची रीत. प्रथम नॉव्हेल कंपनीची नेटवेअर ही पद्धत चाले. तीत एक मोठे यंत्र मालक आणि बाकीची त्याच्या आश्रयाला. ऑक्टोबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने गटासाठी केलेले विंडोज आणले, त्यात मालक कोणीच नाही. ज्याचे त्याने आपले फोल्डर किंवा प्रिंटर इतरांना मोकळे करावे. प्रत्येक यंत्राला फार तर १५ अक्षरांचे नाव आणि सर्वांना एकच गटाचे नाव, एवढ्यावर काम होई. १९९५ च्या विंडोजमध्ये तर पडद्यावर ह्यासाठी जे चित्र होते त्याचे नावच मुळी ‘नेटवर्क नेबरहूड’, म्हणजे शेजार! नेटब्यूई नावाच्या जुन्या भाषेत ही यंत्रे एकमेकांना नावाने हाक मारीत, आणि ती हाक आपल्या गल्लीबाहेर जातच नसे. विंडोज ९८ पासवर्ड विचारी खरा, पण एस्केपची कळ दाबली की दार उघडे. ह्याला कोणी मूर्खपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. जेथे सगळी ओळखीची माणसे, तेथे दिवसभर कडी कोण लावतो?

पण तारेचे दुसरे टोक जगाला जोडले गेले आणि रीत तीच राहिली. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रव फायली वाटून घेण्याच्या ह्याच जुन्या पद्धतीतील भोकातून दीडशेहून अधिक देशांत शिरला. फायलींना कुलूप घालून तो खंडणी मागे. इंग्लंडमधील इस्पितळांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ह्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, परंतु पुष्कळांनी तो घातलेला नव्हता, आणि विंडोज एक्सपीची देखभाल तर ८ एप्रिल २०१४ लाच थांबली होती. २०१७ च्या शरदात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रात ती जुनी पद्धत आपोआप घातली जात नाही.

म्हणूनच घरातला नवा लॅपटॉप आणि जुना संगणक एकाच तारेवर असूनही एकमेकांना ओळखीत नाहीत. जुने यंत्र बिघडले असे समजून लोक ते भंगारात देतात, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षांचे हिशेबही जातात. नव्या यंत्रात ती पद्धत मुद्दाम चालू करता येते, पण इंटरनेटला जोडलेल्या यंत्रात ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी यंत्रे आपसांत हबने जोडून खुशाल वापरावी, बाहेरची तार मात्र त्यांना लावू नये.

आपल्या मंडळाच्या कपाटाशेजारील एक्सपीच्या यंत्रात २००६ पासूनची सभासदनोंद आणि हळदीकुंकू-भिशीचे हिशेब आहेत. गेल्या सभेत ते भंगारात देण्याची सूचना आली होती, ती तूर्त तहकूब आहे. तोवर दर शनिवारी दुपारी आम्ही दोघीतिघी बसून एकेक वर्ष पेनड्राइव्हवर उतरवून घेत आहोत. २०११ पर्यंतचे झाले. ज्यांना लेजर वाचून ताडून पाहता येते त्यांनी तीन वाजता यावे.