डीएनए टेस्टने आफ्रिकन मुळं कशी शोधतात? टेस्ट काय सांगते आणि काय सांगत नाही

ओप्रा विन्फ्रे हे नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल. २००५ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेत जाहीरपणे सांगितलं की, डीएनए टेस्टप्रमाणे त्या झुलू आहेत. २००६ मध्ये 'आफ्रिकन अमेरिकन लाइव्ज' या टीव्ही कार्यक्रमासाठी टेस्ट झाली, तेव्हा उत्तर आलं की त्यांच्या आईकडचा धागा लायबेरियातल्या क्पेले समाजाशी जुळतो. झुलू दक्षिण आफ्रिकेत, क्पेले पश्चिम आफ्रिकेत, आणि मध्ये हजारो किलोमीटरचं अंतर! माणूस तोच, डीएनए तोच, मग उत्तर वेगळं कसं?

या लेखात आपण सोप्या भाषेत पाहूया की अशी टेस्ट नेमकं काय मोजते, तिच्या कुठल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा आणि कुठल्या उत्तराकडे फक्त अंदाज म्हणून पाहायचं.

अशा टेस्टची गरज का पडली?

अटलांटिक महासागरापलीकडच्या गुलामांच्या व्यापारात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकन माणसांना जहाजांत कोंबण्यात आलं. त्यातले सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरले. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आलेले होते साधारण ३ लाख ८८ हजार. बाकीचे बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर गेले.

या माणसांची नावं कागदावर क्वचितच आली. अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी केली होती. तिच्यात मालकाचं नाव, आणि खाली गुलामांचं फक्त वय, लिंग आणि रंग. सगळ्या कृष्णवर्णीयांची नावं लिहिली गेली ती १८७० च्या जनगणनेत. त्यामुळे आज एखादा आफ्रिकन अमेरिकन माणूस आपली वंशावळ शोधत मागे जाऊ लागला की १८७० ला येऊन अडकतो. याला तिथले लोक '१८७० ची भिंत' म्हणतात. भिंतीपलीकडे कागद जवळपास संपतात. उरतो तो शरीरातला डीएनए.

टेस्ट कशी होते?

छोट्या नळीत थुंकी द्यायची किंवा गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, आणि सॅम्पल लॅबला पाठवायचं. काही आठवड्यांत रिपोर्ट मोबाईलवर येतो. पण टेस्टचे तीन प्रकार आहेत आणि तिन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात:

१. आईकडची टेस्ट (मायटोकॉन्ड्रियल डीएनए): हा डीएनए आई, आईची आई, तिची आई असा सरळ वर जातो. मुलगा-मुलगी दोघांनाही करता येते.

२. वडिलांकडची टेस्ट (वाय क्रोमोसोम): वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील अशी रेषा. फक्त पुरुषांना करता येते. मुलींना भाऊ, वडील किंवा काकांचं सॅम्पल लागतं.

३. ऑटोसोमल टेस्ट: आई-वडील दोघांकडून आलेल्या बाकीच्या डीएनएची टेस्ट. लाखो ठिकाणची अक्षरं तपासली जातात. टक्केवारी आणि नातेवाईकांची यादी मिळते ती यातून.

आता थोडं गणित. दहा पिढ्या मागे, म्हणजे साधारण १७५० च्या आसपास, तुमच्या वंशावळीत १,०२४ जागा असतात. आईकडची टेस्ट त्यातल्या फक्त एका बाईबद्दल सांगते, वडिलांकडची फक्त एका पुरुषाबद्दल. उरलेल्या १,०२२ जणांबद्दल या दोन्ही टेस्ट गप्प! शिवाय अनेक आफ्रिकन अमेरिकन पुरुषांची वडिलांकडची रेषा युरोपात निघते, कारण गुलामगिरीच्या काळात मालकांनी आफ्रिकन स्त्रियांवर केलेले अत्याचार. रिपोर्ट उघडताना हे सत्यही समोर येऊ शकतं.

'३० टक्के नायजेरिया' हा आकडा येतो कुठून?

डीएनएवर 'नायजेरिया' असं कुठेही लिहिलेलं नसतं. कंपनीकडे एक नमुना-संग्रह असतो, म्हणजे ज्यांचे पूर्वज पिढ्यानपिढ्या एकाच भागात राहिले अशा आजच्या लोकांचा डीएनए. तुमच्या डीएनएचे तुकडे करून प्रत्येक तुकडा या संग्रहातल्या कुठल्या गटाशी जास्त जुळतो हे सॉफ्टवेअर पाहतं, आणि त्याची बेरीज करून टक्केवारी देतं.

म्हणजे ही तुलना आजच्या लोकांशी आहे, १७५० मधल्या लोकांशी नाही. आणि संग्रहात जो समाजच नाही, त्याचं नाव रिपोर्टमध्ये येणार कुठून? माणसांमधली सगळ्यात जास्त जनुकीय विविधता आफ्रिकेत आहे, पण अनेक संग्रहांत युरोपचे नमुने भरपूर आणि आफ्रिकेचे कमी अशीच स्थिती राहिली आहे. त्यात आफ्रिकेतल्या आजच्या बहुतेक सीमा युरोपीय सत्तांनी १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या आगेमागे आखल्या. जहाजात चढवलेल्या माणसाला 'नायजेरिया' हे नावच माहीत नव्हतं.

मोठ्या पातळीवर मात्र ही टेस्ट चांगली चालते. २०१५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात पाच हजारांहून जास्त आफ्रिकन अमेरिकन लोकांचा डीएनए पाहिला गेला. सरासरी आली ७३.२ टक्के आफ्रिकन, २४ टक्के युरोपीय आणि ०.८ टक्के मूळ अमेरिकन. 'आफ्रिका की युरोप' हा फरक टेस्ट नीट ओळखते. 'पश्चिम आफ्रिका की दक्षिण-पूर्व आफ्रिका' इथेही बऱ्यापैकी. जसजसं तुम्ही देश, मग जिल्हा, मग समाज असं झूम करत जाता, तसतसा अंदाज कच्चा होत जातो.

समाजाचं नाव सांगता येतं का?

२००३ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिक किटल्स आणि जीना पेज यांनी 'आफ्रिकन ॲन्सेस्ट्री' ही कंपनी सुरू केली. आईकडच्या किंवा वडिलांकडच्या रेषेवरून आफ्रिकेतला देश आणि समाज सांगणं हेच तिचं काम. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांना एक नाव मिळालं. अनेकांसाठी तो क्षण खूप मोठा होता. अभिनेते आयझाया वॉशिंग्टन यांना टेस्टनंतर सिएरा लिओनने नागरिकत्वही दिलं.

पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सावध केलं. १७० आफ्रिकन अमेरिकन लोकांचा आईकडचा डीएनए तपासला, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांचा डीएनए एकापेक्षा जास्त आफ्रिकन समाजांशी जुळला. एकाच समाजाशी जुळणारे दहा टक्क्यांहून कमी निघाले.

याचं कारण इतिहासात आहे. हजारो वर्षांपूर्वी आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेजवळून बांटू भाषा बोलणारे लोक पसरत पसरत मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेले. त्यांच्यासोबत त्यांचा डीएनएही पसरला. त्यामुळे एकच खूण दूरदूरच्या समाजांत सापडते. कंपनीच्या संग्रहात त्यातला जो समाज असेल किंवा जास्त असेल, त्याचं नाव वर येतं. ओप्रांसारख्या दोन वेगळ्या उत्तरांचा प्रश्न इथेच उभा राहतो.

सगळ्यात कामाची गोष्ट: मॅचची यादी

बरेच जण टक्केवारीचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकतात आणि ॲप बंद करतात. खरं घबाड पुढच्या टॅबमध्ये असतं, नातेवाईकांच्या यादीत. दोन माणसांचे डीएनएचे लांब तुकडे हुबेहूब सारखे असतील, तर त्यांचा पूर्वज कुठेतरी एक आहे. इथे अंदाज कमी आणि मोजमाप जास्त असतं.

मेरीलँडमधल्या कॅटॉक्टिन फर्नेस या लोखंडाच्या भट्टीवर गुलाम राबायचे. तिथल्या स्मशानातल्या २७ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. '२३अँडमी'च्या माहितीशी तुलना केल्यावर त्यांचे ४१,७९९ जिवंत नातेवाईक सापडले. त्यातले बहुतेक दूरचे, पण काही बरेच जवळचे. ज्यांची नावं कुणी लिहिली नाहीत, त्यांची नाती अशी पुन्हा जोडली गेली.

म्हणून योग्य क्रम असा ठेवा:

- आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा.
- मग जनगणना आणि गुलामगिरी संपण्याच्या सुमारास नेमलेल्या फ्रीडमेन्स ब्युरोचे कागद पाहा.
- ऑटोसोमल टेस्ट शक्य असेल तर घरातल्या सगळ्यात वयस्कर व्यक्तीची करा. आजी पूर्वजांना तुमच्यापेक्षा दोन पिढ्या जवळ आहे.
- मॅच झालेल्यांची वंशावळ आपल्या कागदांशी ताडून पाहा.

कायदा काय विचारतो?

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाने २०२४ मध्ये कायदा केला: ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आफ्रिकेतून नेले गेले, त्यांना नागरिकत्व मिळू शकतं. पुरावा म्हणून डीएनए टेस्टही चालते. गंमत म्हणजे पूर्वज बेनिनचाच होता हे सिद्ध करावं लागत नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतला असला तरी पुरे. म्हणजे टेस्ट जेवढं खात्रीने सांगू शकते, तेवढंच हा कायदा तिला विचारतो.

आपल्याकडचं उदाहरण: सिद्दी

मुरूडचा जंजिरा आणि मलिक अंबर आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. मलिक अंबर इथिओपियाचा, म्हणजे जुन्या अबिसिनियाचा. त्यावरूनच 'हबशी' हा शब्द आला आणि आफ्रिकेतून आलेल्या सगळ्यांना सरसकट चिकटला. पण २०११ मध्ये कर्नाटक आणि गुजरातमधल्या सिद्दींच्या डीएनएचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांचा आफ्रिकन वाटा बांटू भाषिक समाजांशी जुळला. सोबत भारतीय आणि कदाचित थोडा युरोपीय वाटाही दिसला. जुना शब्द एक सांगत होता, डीएनए वेगळंच.

थुंकी पाठवण्याआधी हे वाचा

ऑक्टोबर २०२३ मध्ये '२३अँडमी'ची माहिती फुटल्याचं उघड झालं. चोरांनी दुसऱ्या साइटवरून चोरलेले पासवर्ड वापरून सुमारे १४ हजार खाती उघडली. पण मॅचच्या यादीमुळे तब्बल ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि नंतर ती विकली गेली. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. आणि तो तुमच्या एकट्याचाही नाही. भावंडं आणि मुलं यांचाही साधारण अर्धा डीएनए तोच आहे. म्हणून वेगळा पासवर्ड आणि दोन टप्प्यांचं लॉगिन ठेवा, संशोधनाच्या परवानगीवर डोळे झाकून टिक करू नका आणि आधी घरच्यांशी बोला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोन कंपन्यांचे आकडे वेगळे आले. खोटी कोण?
कुणीच नाही. दोघींचे नमुना-संग्रह वेगळे आहेत.

ॲप अपडेट झाल्यावर माझी टक्केवारी बदलली. असं का?
तुमचा डीएनए तोच आहे, कंपनीचा संग्रह किंवा हिशेबाची पद्धत बदलली.

सख्ख्या बहीण-भावांचे आकडे सारखेच येतात का?
नाही. आई-वडिलांकडून प्रत्येकाला निम्मा डीएनए मिळतो, पण तो निम्मा भाग दर वेळी वेगळा पिसला जातो. फक्त एकसारख्या जुळ्यांचा डीएनए सारखा असतो.

थोडक्यात सांगायचं तर

खंडाबद्दल टेस्टवर विश्वास ठेवा, नातेवाईकांच्या मॅचवर मेहनत घ्या आणि समाजाचं नाव मिळालं तर ते शोधाची सुरुवात समजा. मग मिळालेलं नाव पुढच्या अपडेटमध्ये बदललं, तरी तुमचा शोध वाया जाणार नाही.