मोठ्या चाकांची किंमत : जीपची साक्ष

१/ चाके जितकी मोठी, तितकी जीप समर्थ, अशी समजूत आहे. इतिहासाची साक्ष निराळी आहे.

२/ महायुद्धकालीन विलीस एमबी जीपचे इंजिन ६० अश्वशक्तीचे, टायर ६.००-१६ मापाचे, चाकाचा व्यास सुमारे २८ इंच.

३/ १९४५ मध्ये शेतीकामासाठी सीजे-२ए आली. टायरचे माप तेच राहिले. ओढ वाढावी म्हणून अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ४.८८ वरून ५.३८ करण्यात आले.

४/ तिला ३१ इंची चाके लावल्यास अ‍ॅक्सल दीडच इंच उंचावतो. गुणोत्तर मात्र परिणामतः ४.८६ वर उतरते, आणि वेगमापक ६० दाखवत असता गाडी ६६ने धावते.

५/ अभियंत्यांनी कमावलेली ओढ तीन इंचांच्या हौसेत संपते. रोजच्या गाडीसाठी टायर निवडताना आधी गुणोत्तर तपासावे.