सूक्ष्मकेंद्रकाची कुळकथा

वनौषधीच्या अर्कामुळे पेशीतल्या गुणसूत्रांना इजा होते का, हे प्रयोगशाळेत ज्या खुणेवरून ओळखतात ती खूण मुळात रक्ताच्या अभ्यासकांची. विल्यम हॉवेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९० मध्ये तांबड्या पेशींत उरलेले केंद्रकाचे बारीक कण नोंदवले. पुढे जस्टिन जॉली या फ्रेंच संशोधकानेही त्यांचा अभ्यास केला, आणि ते कण दोघांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. प्लीहा काढलेल्या माणसाच्या रक्तात ते दिसतात, कारण एरवी प्लीहाच ते काढून टाकते.

पेशीचं विभाजन होताना गुणसूत्राचा तुकडा तुटून मागे राहिला, किंवा अख्खं गुणसूत्र वाट चुकलं, की नव्या केंद्रकात त्याला जागा मिळत नाही. त्याच्याभोवती वेगळं आवरण धरतं. हेच सूक्ष्मकेंद्रक, आणि हॉवेल-जॉलींचे कण म्हणजेही तेच. १९५९ मध्ये इव्हान्स आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी बाकल्याच्या मुळांवर किरणोत्साराचा मारा करून ही सूक्ष्मकेंद्रकं मोजली. सत्तरच्या दशकात श्मिड आणि हेडल यांनी तीच मोजणी प्राण्यांच्या अस्थिमज्जेत आणली आणि मग ती माणसाच्या रक्तापर्यंत पोहोचली.

इथे अडचण आली. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी आपणहून विभागत नाहीत आणि विभाजन झाल्याशिवाय इजा दिसत नाही. यावरचा उपाय राजम्यातून मिळाला होता. त्यातलं एक प्रथिन तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून त्या वेगळ्या काढायला वापरलं जायचं. त्यानेच लिम्फोसाइट विभागू लागतात, हे पीटर नोवेल यांनी १९६० मध्ये दाखवलं. तरी कोणती पेशी एकदाच विभागली हे कसं कळावं? १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात फेनेक आणि मॉर्ली यांनी बुरशीपासून मिळणारं सायटोकॅलेसिन-बी वापरलं. ते असताना केंद्रकाचे दोन होतात, पण पेशी दुभंगत नाही. दोन केंद्रकांची पेशी दिसली की ती नेमकी एकदाच विभागलेली! या कुळातली सगळ्यात देखणी युक्ती मला हीच वाटते.

काचपट्टीवर ते असं दिसतं: जिएम्सा रंगाने जांभळी झालेली दोन गोल केंद्रकं शेजारी शेजारी, आणि त्यांच्या जवळ त्याच रंगाचा एक ठिपका. त्याचा व्यास मुख्य केंद्रकाच्या एक तृतीयांशाहून मोठा नको, एक सोळांशाहून लहान नको, आणि तो केंद्रकाला जोडलेलाही नको. अर्काच्या प्रत्येक मात्रेसाठी अशा निदान २,००० पेशी नजरेखालून घालायच्या. नुसता अर्क टाकूनही भागत नाही. काही द्रव्यं यकृतात गेल्यावरच घातक होतात, म्हणून उंदराच्या यकृताचा अर्क मिसळून चाचणी पुन्हा करतात.

एवढा खटाटोप का, ते ब्रसेल्सने दाखवलं. तिथे वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी, नावातल्या साम्यामुळे, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली वनस्पती आली. १९९२ च्या सुमारास तरुण स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं लक्षात येऊ लागलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३९ रुग्णांपैकी १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. या कुळातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल डीएनएला चिकटतं आणि त्यातली अक्षरं बदलतं. आपल्याकडची सापसंद याच कुळातली, आणि परंपरेने ती औषध म्हणून वापरली गेली आहे. शतकानुशतकांचा वापर हा मोठा पुरावा आहे, त्याचा मला आदर आहे. पण औषधाने तासाभरात उलटी झाली तर वैद्याला कळतं. दहा वर्षांनी झालेला कर्करोग त्या काढ्याशी कोण जोडणार?

म्हणून अर्काच्या कुपीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, मूळ की पान, पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, हे लिहिलेलं असलंच पाहिजे. ब्रसेल्समध्ये घात झाला तो वनस्पतीच्या अदलाबदलीने. चुकीच्या मुळीचा अर्क पेशींवर टाकला, तर दोन हजार पेशी कितीही काळजीने मोजल्या तरी उत्तर भलत्याच झाडाचं येतं.