दोऱ्याचं दुसरं टोक

२०२५. दसऱ्याच्या आदल्या रात्री शिर्डीत एका पत्र्याच्या शेडखाली, ओल्या गोणपाटावर तुम्ही मांडी घालून बसला आहात. समोर झेंडूचा कमरेएवढा ढीग. हात खुपसलात तर कळेल, दुपारी तोडलेली फुलं आतून अजून गरम आहेत. सप्टेंबरच्या पावसानं काळवंडलेली तुम्ही बाजूला टाकता. मावशी दाभण पुढं करतात.

"कडंनं नको, बुडातून मधोमध घाल. नाहीतर सकाळपर्यंत पाकळ्या सुटतात."

चार-पाच फुलं, मग दुमडलेलं आंब्याचं पान. पुन्हा फुलं. तासाभरात बोटं पिवळी होतात, नखांत हिरवा रस बसतो आणि तो उग्र वास नाकातून जाता जात नाही. पावसाळ्यात लावलेला झेंडू नेमका आज हाती यावा, हा सगळा हिशोब. उद्या दुपारनंतर याच फुलांना कुणी विचारत नाही. दोन महिन्यांच्या कष्टाची किंमत एका सकाळीत ठरते, आणि हार ओवणाऱ्या बायकांची मजुरीही त्याच सकाळीवर असते.

आता दोरा मागे ओढा.

२०२२. जिल्ह्याचं नाव अजून अहमदनगर आहे. शेड तेच, पण ढीग लहान आणि मावशींचे हात रिकामे. २०२० मध्ये करोनामुळं साईमंदिर बंद झालं. ते उघडलं तेव्हा भक्त आत गेले, हार बाहेर राहिले. यंदा ऑगस्टमध्ये शेतकरी आणि फूलविक्रेते आंदोलनाला उतरले. उच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर हार पुन्हा आत जायला २०२४ चा डिसेंबर उजाडेल. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण मावशींना सांगता येत नाही. फुलांत राबणाऱ्या घरांचे पाच दसरे असे गेले. एवढा उशीर व्हायला नको होता.

आणखी मागे ओढा. १५ ऑक्टोबर १९१८, मंगळवार, दसरा. दुपार टळते आहे. द्वारकामाई मशिदीपुढं गर्दी दाटली आहे, माणसं मोठ्यानं रडताहेत. साईबाबांनी देह ठेवला आहे. तो कुठं ठेवायचा, यावर वाद पेटतो. बुधवारी संध्याकाळी त्यांना बुट्टींच्या नव्या वाड्यात नेतात. नागपूरच्या बापूसाहेब बुट्टींनी तो बांधला. मुरलीधराच्या मूर्तीसाठी राखलेल्या जागी बाबांना ठेवलं जातं.

अजून ओढा. वाडा नाही, गर्दी नाही, नुसती पडीक जमीन. एक तरुण फकीर खांद्यावर घडा घेऊन विहिरीकडून येतो आहे. राहात्याहून आणलेली जाई, जुई आणि झेंडूची रोपं त्यानं स्वतः लावली आहेत. वामन तात्या रोज दोन कच्चे, न भाजलेले घडे देतात. संध्याकाळी निंबाखाली ठेवले की ते फुटतात. दुसऱ्या दिवशी नवे दोन. तीन वर्षं हेच चाललं, असं हेमाडपंतांनी साईसच्चरितात लिहून ठेवलं आहे. तुम्ही वाकून पाहता. वाफ्यातली माती ओली आहे.

दोरा सोडा. शेडमध्ये पहाट झाली आहे आणि मावशींनी हाराची शेवटची गाठ मारली आहे. हा हार ज्या समाधीवर जाईल, ती त्याच बागेच्या जागेवर आहे.