रात्र आणि न थांबणारी पायडले

१ जुलै १९०३. पॅरिसजवळच्या माँजेराँ गावातून ६० सायकलस्वार दुपारी ल्योंकडे निघाले. पहिल्या ‘तूर द फ्रान्स’चा हा पहिला टप्पा ४६७ किलोमीटरांचा, म्हणजे रात्र रस्त्यावरच जायची. विजेता मॉरिस गारँ सकाळी पोहोचला, १७ तास ४५ मिनिटांनी. त्याच्या सायकलला फ्रीव्हील नव्हते. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. उतारावरही पायांना उसंत नाही.

‘लोतो’ या दैनिकाचा खप वाढावा म्हणून ही शर्यत भरवली होती. रात्रभर सायकल हाकणारा माणूस वाचकाला खिळवून ठेवी. पण अंधाराला साक्षीदार नसतो. १९०४ मध्ये सँतेतिएनजवळ रात्री जमावाने स्पर्धकांना मारहाण केली. वाहनाच्या, आगगाडीच्या मदतीचे आरोप झाले आणि गारँसह पहिले चौघे बाद ठरले. १९०५ मध्ये टप्पे ६ वरून ११ करून आखूड केले, ते रात्र टाळण्यासाठीच.

रात्र अशी दोन वर्षांत हटली. चालत्या सायकलवर गिअर बदलणाऱ्या डेरेलरला मात्र १९३७ पर्यंत थांबावे लागले. संयोजकांना लबाडी नको होती. स्वाराचे हाल मात्र हवे होते, कारण अंक त्यांवरच खपत होता.