बुलडॉग गुरगुरतो, तेव्हा...

फिरायला नेलेला बुलडॉग रस्त्यातच बसकण मारतो आणि कितीही ओढले तरी जागचा हलत नाही. घरी जेवणाच्या भांड्याजवळ कुणी गेले, तर गुरगुरतो. 'जातच हट्टी, दोन फटके द्या,' असा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. तो पाळणे कुत्र्याला तर जाचक ठरतेच. पण घरातील लहान मुलांसाठी अधिक धोक्याचे असते.

बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याच्या इंग्लंडमधील क्रूर खेळासाठी ही जात वापरली जाई. १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेने या खेळावर बंदी घातली. त्यानंतर शांत स्वभावाच्या कुत्र्यांना पैदाशीत पसंती मिळत गेली. आजचा इंग्लिश बुलडॉग त्यामुळे एरवी माणसाळू असतो. अमेरिकन बुलडॉग ही वेगळी जात. केंद्र सरकारच्या मार्च २०२४ च्या २३ जातींच्या यादीत तिचे नाव होते, इंग्लिश बुलडॉगचे नव्हते. ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केले.

स्वभाव निवळला, तरी चपट्या चेहऱ्याची किंमत या कुत्र्याला मोजावी लागते. नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मागचा भाग लांब असल्याने त्याला पुरेसा श्वास घेता येत नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. बुलडॉगला नेमके तेच जड जाते. म्हणूनच मे महिन्यातील दुपारी रस्त्यात बसलेला बुलडॉग हट्ट करत नसून दमलेला असण्याची शक्यता अधिक. गळ्यातील पट्टा ओढला, तर श्वास आणखी कोंडतो. त्याऐवजी छातीला बांधायचा हार्नेस वापरावा आणि सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर थोडेच फिरवावे.

अचानक चिडका झालेला कुत्रा प्रथम पशुवैद्यकाकडे न्यावा. खुब्याच्या सांध्याचे दुखणे, कानाचा संसर्ग, चेहऱ्याच्या वळ्यांमधील जखमा ही कारणे या जातीत वारंवार आढळतात. दुखऱ्या जागी हात लागला की तो दात दाखवणारच.

गुरगुरण्याबद्दल कधीही शिक्षा करू नये. ती चावण्याआधीची सूचना असते. मार खाल्लेला कुत्रा सूचना देणे सोडतो आणि थेट चावतो. बुलडॉगचा सुरकुतलेला चेहरा आणि आखूड शेपटी यांमुळे त्याचे मन ओळखणे तसेही कठीण. एकाएकी ताठ होणे, ओठ चाटणे, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, या खुणा घरातील सर्वांनी शिकून घ्याव्यात. कुत्र्याला उताणे पाडून 'मालक कोण' हे दाखवण्याची पद्धत अजूनही काही प्रशिक्षक वापरतात. तिचा आधार असलेली, कळपातील म्होरक्या लांडग्याची कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून रूढ झाली होती. ती प्रसिद्ध करण्यास हातभार लावणारे संशोधक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये ती खोडून काढली.

मग करायचे काय? भांड्यावरून भांडण असेल, तर भांडे हिसकावू नये. थोड्या अंतरावरून चिकनचा तुकडा टाकून निघून जावे. माणूस आला की काही जात नाही, उलट मिळते, हे त्याला हळूहळू उमगते. तोंडात धरलेली वस्तूही अशीच अदलाबदलीने सोडवावी. शिकवणी पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा पुरे. घरातील प्रत्येकाने आज्ञेसाठी एकच शब्द वापरावा. एकाने 'बस' आणि दुसऱ्याने 'सिट' म्हटले, तर गोंधळाला हट्टाचे नाव मिळते. नसबंदी केली की आक्रमकता आपोआप जाते, हा समजही खरा नाही.

याआधी चावलेल्या कुत्र्याबाबत मात्र घरगुती प्रयोग नकोत. त्याला जाळीच्या मुसक्याची सवय लावावी. तोंड आवळणारी पट्टी बुलडॉगला अजिबात चालत नाही. मुलांजवळ त्याला एकटे सोडू नये. प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना पुरेशी खबरदारी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. आणि चावाच घेतला, तर कुत्र्याला लस दिलेली असली तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.